मोबाईल ॲपमधील तारखेचे पहिले वाचन : विलंबाची कारणे आणि उपाययोजना

सारांश

सर्व्हरकडून आलेली तारीख मोबाईल ॲप पहिल्यांदा वाचते, तेव्हा लागणारा वेळ हा त्यानंतरच्या वाचनांना लागणाऱ्या वेळेपेक्षा पुष्कळ अधिक असतो. हा वेळ प्रत्यक्ष तारीख वाचण्यात जात नसून वाचनाच्या पूर्वतयारीत जातो, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. अँड्रॉइड व आयओएस या दोन प्रणालींतील या पूर्वतयारीचे स्वरूप, तिचे मोजमाप, ती टाळण्याचे किंवा योग्य वेळी करण्याचे मार्ग आणि ते अवलंबताना तारीखच चुकू नये म्हणून घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : तारखेचे वाचन, पार्सिंग, लोकेल, टाइम झोन, अँड्रॉइड, आयओएस, ॲपचा आरंभकाळ.

१. प्रस्तावना

ॲप उघडले की पडदा क्षणभर स्तब्ध होतो, बोट फिरवले तरी यादी सरकत नाही आणि मग एकाएकी सर्व काही सुरळीत चालू लागते, हा अनुभव मोबाईल वापरणाऱ्या बहुतेकांना आलेला असतो. अशा वेळी ॲप तयार करणाऱ्याचा संशय प्रथम इंटरनेटच्या जोडणीवर, नंतर डेटाबेसवर आणि शेवटी चित्रांच्या आकारावर जातो. तारखेवर सहसा जात नाही. कारण वीस अक्षरांची तारीख वाचण्यास असा कितीसा वेळ लागणार, असे त्यास वाटते. प्रत्यक्षात मात्र अनेक ॲपमध्ये ही वीस अक्षरेच विलंबाचे एक कारण ठरलेली आढळतात.

हा विलंब फसवा आहे. तो प्रत्येक वेळी होत नाही, फक्त पहिल्या वेळी होतो. येथे 'पहिली वेळ' म्हणजे ॲप फोनवर घेतल्यानंतरची पहिली वेळ नव्हे; ॲपची प्रक्रिया नव्याने सुरू झाल्यानंतरची पहिली वेळ होय. कमी स्मृती असलेल्या स्वस्त फोनवर प्रणाली मागे पडलेली ॲप वारंवार बंद करते. त्यामुळे ज्याचा फोन दुबळा त्याच्याच वाट्याला हा विलंब दिवसातून अनेकदा येतो. ज्याच्या हाती महागडा फोन आहे, त्या ॲपकर्त्याला तो जाणवतही नाही. या विषयाकडे लक्ष देण्याचे खरे कारण हेच आहे.

२. विलंब का जाणवतो ?

मोबाईल ॲपमध्ये पडदा रंगविण्याचे आणि बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देण्याचे काम मुख्य थ्रेडवर चालते. सेकंदाला ६० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चौकटीसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर सुमारे ८.३ मिलिसेकंदच मिळतात. याच थ्रेडवर तारीख वाचण्याचे काम ठेवले आणि त्यास शंभर मिलिसेकंद लागले, तर पहिल्या प्रकारच्या पडद्यावर पाच-सहा चौकटी गळतात. डोळ्यांना तो धक्का जाणवतो.

आरंभकाळ हा ॲपच्या गुणवत्तेचा निकषही मानला जातो. गूगल प्लेच्या मोजणीत एखादे अँड्रॉइड ॲप पूर्णपणे बंद अवस्थेतून सुरू होण्यास ५ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागल्यास तो आरंभ अतिमंद समजला जातो. तारखेचा विलंब एकट्याने ही मर्यादा गाठत नाही. परंतु आरंभीच्या विलंबांची बेरीज अशाच लहान लहान रकमांनी होत असते.

३. तारखेचे वाचन म्हणजे काय ?

संगणकाच्या परिभाषेत 'पार्सिंग' म्हणजे अक्षरांच्या ओळीतून अर्थ वेगळा काढणे. सर्व्हर सामान्यतः तारीख आयएसओ ८६०१ या मानकानुसार पाठवितो. हे मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर आधारित, इंटरनेटसाठी अधिक नेमका केलेला आरएफसी ३३३९ हा दस्तऐवज २००२ मध्ये आला. त्यानुसार '२०२४-०८-१५टी०९:३०:००झेड' अशी ओळ येते. तीत वर्ष, महिना व दिवस यांनंतर 'टी' हे रोमन अक्षर, मग तास, मिनिट व सेकंद आणि शेवटी 'झेड' हे रोमन अक्षर असते. 'झेड'चा अर्थ असा की, ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने भारतात तेव्हा दुपारचे ३ वाजलेले असतात.

ही ओळ वाचण्यास आवश्यक असलेले गणित अल्प आहे. १ जानेवारी १९७० पासून १५ ऑगस्ट २०२४ पर्यंत १९,९५० दिवस होतात. त्यांना ८६,४०० ने गुणून साडेनऊ तासांचे ३४,२०० सेकंद मिळविले की १,७२,३७,१४,२०० ही संख्या मिळते, आणि संगणकाच्या दृष्टीने तीच ती वेळ होय. यासाठी काही गुणाकार व बेरजा पुरेशा आहेत. मग विलंब कोठून येतो ?

४. पहिल्या वाचनाचा खर्च कोठे होतो ?

तारीख वाचणारी सर्वसाधारण साधने केवळ वरील एका ओळीसाठी तयार केलेली नसतात. 'गुरुवार, १५ ऑगस्ट' पासून ते परदेशातील टाइम झोनच्या नावापर्यंत काहीही वाचता यावे, अशी त्यांची रचना असते. या सर्वसमावेशकतेची किंमत पहिल्या वेळी चुकवावी लागते. ती पुढील चार ठिकाणी पडते.

(अ) कोड सज्ज होणे : जावामध्ये एखादा क्लास प्रथम वापरला जातो तेव्हा तो स्मृतीत आणला जातो आणि त्याची आरंभीची मूल्ये सिद्ध केली जातात. तारखेच्या लायब्ररीत असे अनेक क्लास एकमेकांत गुंतलेले असतात. एकास हात लावला की बाकीचेही जागे होतात. अँड्रॉइड आपल्या प्रणालीतील नेहमीचे क्लास 'झायगोट' या मूळ प्रक्रियेत आधीच भरून ठेवते आणि प्रत्येक ॲप त्या प्रक्रियेपासून निर्माण होते. ॲपने स्वतःसोबत आणलेल्या लायब्ररीला हा लाभ मिळत नाही.

(आ) लोकेलची माहिती : महिन्यांची व वारांची नावे, अंकांची लिपी, आठवड्याचा पहिला दिवस इत्यादी संकेतांना 'लोकेल' म्हणतात. युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर या संग्रहात ते साठविलेले असतात आणि आयसीयू या लायब्ररीमार्फत ते अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही प्रणालींना मिळतात. ओळीत केवळ अंक असले तरी फॉरमॅटर तयार होताना ही माहिती मागविली जाऊ शकते.

(इ) टाइम झोनची माहिती : जगातील घड्याळांचा इतिहास 'टीझेड डेटाबेस' या संग्रहात नोंदविलेला आहे. भारतासारख्या आज एकच वेळ पाळणाऱ्या देशाची नोंदही सरळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, भारतातील घड्याळे एक तास पुढे ठेवलेली होती, हे तीत नमूद आहे. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशांच्या नोंदी तर कितीतरी लांब आहेत. शिवाय टाइम झोन नावाने ओळखावयाचा झाल्यास सर्व झोनची नावे त्या भाषेत गोळा करावी लागतात. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत हे काम इतके जड होते की, नावे भरण्यास किती मिलिसेकंद लागले याची ओळ प्रणाली स्वतःच आपल्या नोंदींत लिहीत असे.

(ई) साच्याचे विश्लेषण : तारीख कोणत्या क्रमाने येणार हे सांगणारा साचा प्रथम उलगडावा लागतो. हा खर्च लहान असला तरी प्रत्येक नव्या फॉरमॅटरमागे पुन्हा होतो.

यांपैकी पहिले तीन खर्च बहुतांशी एकदाच होतात, कारण आणलेली माहिती पुढे स्मृतीत राहते. म्हणूनच दुसरे वाचन जलद होते.

५. जोडा-टाइमचे उदाहरण

जावातील मूळ तारीख-साधने गैरसोयीची असल्यामुळे स्टीफन कोलबोर्न यांनी सुरू केलेली जोडा-टाइम ही लायब्ररी लोकप्रिय झाली आणि अँड्रॉइडवरही वापरली जाऊ लागली. ती टाइम झोनची माहिती जार-फाइलीतील संसाधने म्हणून वाचत असे. सर्व्हरवर ही पद्धत निर्धोक होती. अँड्रॉइडवर मात्र अशी संसाधने क्लासलोडरमार्फत शोधताना ॲपची संपूर्ण संकुचित फाइल उघडून तिची अनुक्रमणिका तपासली जाई. परिणामी पहिल्याच तारखेला वेळही जाई आणि स्मृतीही व्यापली जाई.

यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये जोडा-टाइमची अँड्रॉइडसाठी वेगळी आवृत्ती निघाली. तीत तीच माहिती अँड्रॉइडच्या स्वतःच्या संसाधन-पद्धतीने ठेवली होती. पुढे २०१४ मध्ये जावा ८ बरोबर 'जावा.टाइम' हा नवा संच आला, ज्याच्या रचनेत कोलबोर्न यांचा प्रमुख वाटा होता. त्याचे अँड्रॉइडसाठीचे रूपांतर असलेली थ्रीटेन-एबीपी ही लायब्ररी टाइम झोनची माहिती जार-फाइलीऐवजी ॲपच्या 'ॲसेट' म्हणून ठेवते. तिच्या निर्मितीचे कारणच ते होते. २०१७ च्या अँड्रॉइड ८.० पासून जावा.टाइम प्रणालीतच उपलब्ध झाले, आणि २०२० पासून 'डिशुगरिंग' या सोयीमुळे त्याचा मोठा भाग जुन्या आवृत्त्यांवरही वापरता येऊ लागला. जावा ८ व त्यापुढे जावा.टाइमच वापरावे, अशी जोडा-टाइमच्या कर्त्यांचीही शिफारस आहे.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. तारीख वाचण्याचे गणित कोणीही बदलले नाही. बदलली ती माहिती ठेवण्याची जागा, आणि तेवढ्याने विलंब कमी झाला.

६. आयओएसमधील स्थिती

आयफोनवर हे काम 'डेटफॉर्मॅटर' करतो. तो निर्माण करणे स्वस्त नाही, म्हणून वारंवार लागणारा फॉर्मॅटर एकदा करून जपून ठेवावा, असे ॲपल कंपनीने आपल्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. तरीही यादीतील प्रत्येक ओळीसाठी नवा फॉर्मॅटर निर्माण करण्याची चूक पुष्कळदा आढळते. त्यामुळे एकदाचा विलंब शंभरदा होतो. ठराविक साच्यातील तारखांसाठी २०१६ च्या आयओएस १० मध्ये स्वतंत्र आयएसओ ८६०१ फॉर्मॅटर आला आणि २०२१ च्या आयओएस १५ मध्ये त्याच कामासाठी स्विफ्ट भाषेला साजेशी नवी शैली उपलब्ध झाली.

७. मोजमाप

उपायापूर्वी मोजमाप आवश्यक आहे, आणि येथेच सरासरी दिशाभूल करते. समजा, पहिल्या वाचनास १२० मिलिसेकंद आणि पुढील ९९ वाचनांस प्रत्येकी ०.२ मिलिसेकंद लागले. एकूण वेळ १३९.८ मिलिसेकंद होतो, म्हणजे सरासरी सुमारे १.४ मिलिसेकंद. ही संख्या पाहून कोणीही निश्चिंत होईल. परंतु वापरकर्त्याने अनुभवलेले १२० मिलिसेकंद तीत कोठेच दिसत नाहीत. म्हणून पहिल्या वाचनाची नोंद नेहमी वेगळी ठेवावी.

मोजताना ॲपची प्रक्रिया पूर्ण बंद करून ती नव्याने सुरू करावी. चाचणीसाठीची आवृत्ती न घेता प्रसिद्ध करावयाची आवृत्ती घ्यावी, कारण चाचणी-आवृत्ती मुळातच मंद असते. फोन शक्य तितका साधा निवडावा. अँड्रॉइडवर 'परफेटो' आणि आयओएसवर 'इन्स्ट्रुमेंट्स' या साधनांनी मुख्य थ्रेडवर कोणते काम किती वेळ चालले हे पाहता येते. अँड्रॉइडमधील 'स्ट्रिक्टमोड' हे साधन मुख्य थ्रेडवर फाइल वाचली गेल्यास तशी सूचना देते. तारखेच्या लायब्ररीने केलेले गुप्त फाइल-वाचन त्यातून उघड होऊ शकते.

८. उपाययोजना

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम काम टाळता येते का हे पाहावे, नंतर ते लहान करता येते का, आणि शेवटी ते हलविता येते का.

(१) वाचन टाळणे : सर्व्हर आपल्याच ताब्यात असल्यास तारीख अक्षरांऐवजी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांच्या संख्येत पाठविता येते. फोनमधील डेटाबेसमध्येही हीच संख्या ठेवावी, म्हणजे प्रत्येक वेळी पुनर्वाचन करावे लागत नाही. यादी केवळ क्रमाने लावावयाची असेल, तर जागतिक प्रमाणवेळेतील व समान लांबीच्या आयएसओ ओळी अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमच मिळतो. तेथे वाचनाची गरजच नाही.

(२) वाचन पुढे ढकलणे : सर्व्हरकडून पाचशे नोंदी आल्या आणि पडद्यावर आठच दिसत असल्या, तर आठच तारखा वाचाव्यात.

(३) छोटा वाचक लिहिणे : ओळीचा साचा निश्चित असेल तर ठराविक जागांवरील अंक उचलून वर दाखविलेले गणित करणारा छोटा वाचक पुरेसा होतो. त्यास महिन्यांची नावेही लागत नाहीत आणि टाइम झोनचा इतिहासही लागत नाही. जॅक्सन, जीसन व मोशी या प्रसिद्ध लायब्ररींनी आयएसओ तारखांसाठी हाच मार्ग घेतला आहे. मात्र अपेक्षेबाहेरची ओळ आल्यास वाचकाने अंदाज न करता ती सर्वसमावेशक साधनाकडे सोपवावी.

(४) एकच फॉरमॅटर जपणे : हे करताना थ्रेडचा विचार आवश्यक आहे. जावातील सिंपलडेटफॉरमॅट एकाच वेळी अनेक थ्रेडना वापरता येत नाही; तसे केल्यास तक्रार न करता चुकीची तारीख मिळू शकते. जावा.टाइममधील डेटटाइमफॉरमॅटर अपरिवर्तनीय असल्याने तो निर्धोक आहे. आयओएसचा डेटफॉर्मॅटरही २०१३ च्या आयओएस ७ पासून या दृष्टीने सुरक्षित आहे.

(५) पूर्वतयारी पार्श्वभूमीवर करणे : वरील उपाय अपुरे पडल्यास पहिला पडदा दिसल्यानंतर पार्श्वभूमीच्या थ्रेडवर एक तारीख वाचून ठेवावी. हेच काम ॲपच्या आरंभी मुख्य थ्रेडवर केले, तर विलंब नाहीसा होत नाही, केवळ यादीच्या पडद्यावरून आरंभाच्या पडद्यावर जातो. तसेच पार्श्वभूमीवर क्लासची सिद्धता चालू असताना मुख्य थ्रेडने तोच क्लास मागितला, तर त्यास ते काम संपेपर्यंत थांबावे लागते. म्हणून हा उपाय शेवटी ठेवला आहे.

९. घ्यावयाची दक्षता

वेगासाठी केलेला बदल तारीख चुकवीत असेल, तर त्यापेक्षा विलंब बरा. या संदर्भात तीन चुका विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली चूक 'झेड'ची. अँड्रॉइडच्या सिंपलडेटफॉरमॅटला हे अक्षर प्रमाणवेळेचे चिन्ह म्हणून ओळखण्याची सोय २०१६ च्या अँड्रॉइड ७.० मध्ये मिळाली. तत्पूर्वी अनेकांनी साच्यात ते अवतरणचिन्हांत ठेवून निर्जीव अक्षर म्हणून ओलांडले. टाइम झोन वेगळा सांगितला नसेल, तर अशी वेळ फोनच्या स्थानिक वेळेप्रमाणे समजली जाते. समजा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची अंतिम वेळ १५ ऑगस्टच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटे आहे. जागतिक प्रमाणवेळेत ती १८:२९ होते आणि ॲप विद्यार्थ्याला संध्याकाळी ६ वाजून २९ मिनिटे ही वेळ दाखविते. संध्याकाळी सात वाजता ॲप उघडणारा विद्यार्थी मुदत संपली असे समजून परततो. छोटा वाचक लिहितानाही ही चूक सहज घडते.

दुसरी चूक लोकेलची. सीएलडीआरमध्ये मराठी लोकेलचे मूळ अंक देवनागरी आहेत. फोनची भाषा मराठी असताना मूळ लोकेलने तारीख लिहून सर्व्हरला पाठविली, तर ती देवनागरी अंकांत जाऊ शकते आणि इंग्रजी अंकांची अपेक्षा करणारा सर्व्हर ती नाकारतो. इंग्रजी फोनवर केलेल्या चाचणीत हा दोष दिसत नाही. तो मराठी, नेपाळी किंवा अरबी वापरकर्त्यालाच भोगावा लागतो. आयफोनवर बौद्ध कालगणना निवडलेली असल्यास २०२४ हे वर्ष २५६७ होते, हाही याच जातीचा दोष आहे. म्हणून यंत्रांमधील देवाणघेवाणीसाठी अँड्रॉइडवर तटस्थ 'रूट' लोकेल आणि आयओएसवर अमेरिकन इंग्रजीचे 'पॉझिक्स' लोकेल निश्चित करावे. वापरकर्त्याला दाखविताना मात्र त्याच्याच भाषेचे लोकेल वापरावे.

तिसरी चूक अपूर्ण वाचकाची. लीप वर्ष, सेकंदाचे अपूर्णांक आणि 'झेड'ऐवजी येणारा '+०५:३०' असा फरक यांची परीक्षा घेतल्याशिवाय स्वतः लिहिलेला वाचक उपयोगात आणू नये. त्याची उत्तरे सर्वसमावेशक साधनाच्या उत्तरांशी असंख्य तारखांवर ताडून पाहावीत. हे काम चाचणीत होत असल्याने त्याचा भार वापरकर्त्यावर पडत नाही.

१०. समारोप

तारखेच्या पहिल्या वाचनाचा विलंब हा गणिताचा नसून सामग्री गोळा करण्याचा आहे. जी सामग्री लागणारच नाही ती न मागविणे हा त्यावरील मूळ उपाय होय. जी लागणार आहे ती एकदाच आणणे, आणि वापरकर्ता वाट पाहत नसेल अशा वेळी आणणे, हे त्यापुढील उपाय होत. नव्या लायब्ररी आणि वेगवान फोन यांमुळे हा खर्च कमी झाला असला तरी तो शून्य झालेला नाही, आणि साध्या फोनवर तो आजही जाणवतो. म्हणून ॲपची परीक्षा किमान एका साध्या फोनवर, मराठीसारखी भाषा निवडून आणि प्रक्रिया नव्याने सुरू करून घेतली जावी. विलंब आणि चुकीची तारीख हे दोन्ही दोष त्याच परीक्षेत सापडण्याचा संभव सर्वाधिक असतो.